आर्मेनियातील प्राचीन चर्च आणि मठ गाइडसोबत पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्मेनियाला निघालेली मराठी मंडळी आम्हाला सहलीआधी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. काही उत्तरे एका ओळीची आहेत, काही लांबली आहेत. जिथे लांबली आहेत, तिथे ती वाचूनच निघा, असा आमचा आग्रह आहे.

चर्च तर गोव्यात आहेत, वसईत आहेत. त्यासाठी आर्मेनियाला कशाला जायचे?

गोव्यातली आणि वसईतली जुनी चर्च पोर्तुगीजांच्या काळातली, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढची. आर्मेनियात तुम्ही त्याच्याही हजार वर्षे मागे जाता. परंपरेनुसार इ. स. ३०१ मध्ये राजा त्रदात तिसरा याने ख्रिस्ती धर्माला राजधर्म केले (काही अभ्यासक ३१४ हे साल मानतात). असे करणारे जगातले हे पहिले राज्य समजले जाते. त्या काळात रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता.

दुसरे कारण आम्हाला अधिक मोलाचे वाटते. इथली जुनी चर्च बहुतेक करून वापरात आहेत. वाघार्शापात (म्हणजेच एचमियाझिन) गावातले संत ह्रिप्सिमेचे चर्च ६१८ साली बांधले. चौदाशे वर्षे उलटली, तरी आज तिथे लग्ने लागतात, मुलांचे बाप्तिस्मे होतात. तुम्ही गाभाऱ्यात शिरता तेव्हा कोपऱ्यात एखादी आजी मेणबत्ती लावत असते. तिच्या दृष्टीने तिथे पाहुणे तुम्ही असता.

हे कॅथलिक आहेत की ऑर्थोडॉक्स?

आर्मेनियन अपोस्टोलिक चर्च स्वतंत्र आहे. ते रोमच्या पोपला मानत नाही आणि ग्रीक किंवा रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचाही भाग नाही. ४५१ सालच्या कॅल्सेडॉनच्या धर्मपरिषदेचे निर्णय ज्या चर्चनी स्वीकारले नाहीत, त्या गटात ते येते. इजिप्तचे कॉप्टिक, इथिओपियाचे, सीरियाचे आणि आपल्या केरळातले मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च ही त्याची भावंडे. त्यांच्या प्रमुखाला कॅथोलिकोस म्हणतात आणि त्याचे पीठ एचमियाझिनला आहे. नाताळ ते ६ जानेवारीला साजरा करतात, त्यामुळे २५ डिसेंबरला तिथे जाऊन धामधूम शोधू नका.

किती दिवस लागतात? दिवसाला किती चर्च पाहावीत?

देश महाराष्ट्राच्या एक दशांशाहूनही थोडा लहान आहे. पण रस्ते डोंगरातले, वळणावळणाचे, त्यामुळे नकाशावरचे अंतर पाहून हिशेब करू नका. निवांत पाहायचे तर सहा ते आठ दिवस हाताशी ठेवा.

दिवसाला किती, या प्रश्नावर आमचे मत ठाम आहे: दोन मठ पुरे. अगदी जवळजवळ असतील तर तीन. काही सहलींच्या पत्रकांवर एका दिवसात पाच-सहा नावे छापलेली असतात. अशा दिवशी प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे मिळतात. त्यातली दहा उतरण्या-चढण्यात जातात आणि उरलेल्या दहात फोटो काढून होतात. संध्याकाळी हॉटेलवर बसून कोणता घुमट कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. आर्मेनियन चर्च बाहेरून पहिल्या नजरेत खरोखर सारखी दिसतात: तांबूस किंवा काळसर दगडी भिंती, वर गोल किंवा बहुकोनी गळा आणि त्यावर टोकदार टोपी. त्यांच्यातला फरक दिसायला डोळ्यांना थोडा अवधी द्यावा लागतो. अंधारात शिरल्यावर भिंतीवरचे कोरीवकाम दिसू लागायलाच काही मिनिटे जातात.

गाइड हवाच का? माहिती तर मोबाइलवरही मिळते.

मिळते. पण भिंत वाचायला कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवावे लागते. एक उदाहरण देतो. हाघपात मठाच्या मुख्य चर्चच्या पूर्वेकडच्या त्रिकोणी भिंतीवर, बऱ्याच उंचावर, दोन माणसे समोरासमोर उभी कोरलेली आहेत आणि दोघांनी मिळून हातात एक छोटे चर्च धरले आहे. हे राजा आशोत तिसरा आणि राणी खोसरोवानुश यांचे मुलगे, स्म्बात आणि गुर्गेन. चर्च बांधून देणाऱ्यांनी ते देवाला अर्पण करतानाचा हा देखावा. गाइडने बोट दाखवले नाही तर दहातले नऊ जण मान वर न करताच पुढे जातात. जवळच्या सनाहिनच्या मठातही याच दोन भावांचे शिल्प आहे, ते मग तुम्ही स्वतःच शोधता.

भिंतीभर कोरलेले लेखही असेच. कोणी मठाला द्राक्षमळा दिला, कोणी गिरणी दिली, बदल्यात वर्षातून अमुक इतक्या वेळा आपल्या नावाने प्रार्थना व्हावी, अशा मजकुराचे ते दानलेख असतात. आर्मेनियन लिपी मेस्रोप माश्तोत्स याने ४०५ च्या सुमारास तयार केली आणि आजही तीच चालते, त्यामुळे चांगला गाइड तेराव्या शतकातला लेख तुमच्यासमोर बोट ठेवून वाचून दाखवू शकतो. हे मोबाइलवर होत नाही.

पहिल्यांदाच जात आहोत. काय चुकवू नये?

सुरुवात एचमियाझिनपासून करा. राजधानी येरेवानपासून जेमतेम २० किलोमीटर. मुख्य कॅथेड्रलची स्थापना परंपरेने चौथ्या शतकाच्या अगदी आरंभी, संत ग्रिगोर लुसावोरिच (राजाला ख्रिस्ती धर्माकडे वळवणारे, त्यांची कथा पुढे खोर विरापच्या उत्तरात आहे) यांच्या हातून झाली. ४८३ मध्ये सरदार वाहान मामिकोन्यानने ते नव्याने बांधून घेतले आणि पुढेही भर पडत गेली, घंटाघर सतराव्या शतकातले आहे. दुरुस्तीसाठी ते काही वर्षे बंद होते, २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले. इथल्या खजिन्यात जो भाला जपला आहे, तोच ख्रिस्ताच्या कुशीत खुपसला होता अशी श्रद्धा आहे. त्याच गावात ह्रिप्सिमे (६१८) आणि गायाने (६३०) ही दोन चर्च आहेत, आणि परतीच्या वाटेवर झ्वार्तनोत्सचे अवशेष. सातव्या शतकात कॅथोलिकोस नेरसेस तिसरा याने बांधलेले हे प्रचंड गोलाकार चर्च दहाव्या शतकात कोसळले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्खननात पुन्हा उजेडात आले. गरुड कोरलेले स्तंभशीर्ष पाहायला विसरू नका. ही चारही ठिकाणे २००० सालापासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. एकमेकांच्या इतक्या जवळ आहेत की आमचा दोनचा नियम इथे मोडला तरी चालतो.

मग गेघार्द. डोंगराच्या पोटात कोरलेला मठ, येरेवानपासून साधारण ४० किलोमीटर. मुख्य चर्च १२१५ चे, पण खरे नवल त्याच्या मागच्या खडकात आहे. अखंड खडक आतून पोखरून दालने, खांब, कमानी, घुमट आणि घुमटाच्या मध्यावर उजेडासाठी एक गोल झरोका. एका दालनात खडकातून झऱ्याचे पाणी झिरपते आणि भाविक ते बाटलीत भरून नेतात. प्रोश्यान घराण्याच्या दालनात भिंतीवर त्यांचे कुलचिन्ह आहे: साखळीने बांधलेले दोन सिंह आणि खाली नखांत कोकरू धरलेला गरुड. वरच्या दालनात आवाज असा घुमतो की चार गायक हळू आवाजात म्हणू लागले तरी पंचवीस जण गात आहेत असे वाटते. येरेवानचे काही गायकगट तिथे येऊन जुनी स्तोत्रे म्हणतात. गाइडला आधी सांगितले तर जमवता येते. त्या वेळी फोन खिशात ठेवा आणि नुसते ऐका.

गेघार्दच्या वाटेवर गार्नी लागते. ते चर्च नाही, ख्रिस्तपूर्व श्रद्धेचे खांबांचे मंदिर आहे, पहिल्या शतकातले मानतात. १६७९ च्या भूकंपात पडले आणि १९६९ ते १९७५ च्या दरम्यान पुन्हा उभारले.

उत्तरेला लोरी प्रांतात देबेद नदीच्या घळीवर हाघपात आणि सनाहिन. दहाव्या शतकात सुरू झालेले हे दोन्ही मठ एके काळी मोठी विद्यापीठे होती. येरेवानहून जायलाच सुमारे तीन तास लागतात, म्हणून शक्य असेल तर तिकडे एक मुक्काम करा. नाशिककडच्या मंडळींसाठी एक खास गोष्ट: मिग विमानांचा आराखडाकार आर्तेम मिकोयान याचा जन्म १९०५ साली सनाहिनचा. मठाच्या जवळच त्याचे संग्रहालय आहे आणि दारात मिग-२१ उभे आहे. ओझरच्या एचएएल कारखान्यात ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांना तिथून हलवणे अवघड जाते.

दक्षिणेला खोर विराप, नोरावांक आणि तातेव हे मठ. त्यांच्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे. सेवान तलावावरचे सेवानावांक (८७४) सगळ्याच सहलींत असते. देखावा सुंदर, चर्च छोटे, गर्दी भरपूर. वेळ कमी असेल तर ते वगळून दिलिजानच्या जंगलातले हाघार्तसिन किंवा गोशावांक घ्या.

खोर विरापच्या अंधारकोठडीत खरेच उतरता येते का?

येते. कथा आधी ऐका, म्हणजे उतरण्याला अर्थ येईल. राजा त्रदातने ग्रिगोरला या खड्ड्यात टाकले आणि तो तिथे १३ वर्षे जगला. एक विधवा रोज वरून भाकरी टाकत असे, अशी आख्यायिका आहे. पुढे ह्रिप्सिमे आणि तिच्या सोबतिणींना ठार मारल्यावर राजाला वेड लागले. त्याच्या बहिणीला स्वप्नात दिसले की ग्रिगोरच त्याला बरे करील. त्याला बाहेर काढले, राजा बरा झाला आणि राज्याचा धर्म बदलला.

कोठडी सुमारे सहा मीटर खोल आहे. छोट्या प्रार्थनाघराच्या फरशीत एक अरुंद भोक आहे, त्यातून लोखंडी शिडी जवळजवळ सरळ खाली जाते. जाड अंगाच्या माणसाचे खांदे दोन्ही बाजूंना घासतात. वर येणारा आणि खाली जाणारा एकदम मावत नाहीत, म्हणून आधी खाली आवाज द्यायचा. पाठीवरची सॅक वर कोणाकडे तरी द्या. तळाशी हवा कोंदट असते, उन्हाळ्यात घामाघूम व्हायला होते. दम्याचा त्रास, रक्तदाब किंवा बंदिस्त जागेची भीती असेल तर उतरू नका, वरून डोकावले तरी कल्पना येते.

बाहेर काही जण पैसे घेऊन कबुतरे उडवायला देतात. ती पाखरे फिरून मालकाकडेच येतात आणि पुन्हा पिंजऱ्यात जातात. आम्ही आमच्या मंडळींना घेऊ नका असेच सांगतो.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

एचमियाझिन, ह्रिप्सिमे, झ्वार्तनोत्स, हाघपात: आरामात. गेघार्दला गाडीतळापासून थोडा चढ आहे, हळूहळू होतो. सेवानावांकला दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत.

नोरावांकला मात्र नीट समजून घ्या. तिथले १३३९ चे दुमजली चर्च शिल्पकार मोमिकच्या नावाने ओळखले जाते. खालच्या मजल्यावर ओर्बेल्यान घराण्याच्या समाध्या, वर प्रार्थनास्थान. वर जायचा एकच मार्ग: दर्शनी भिंतीतून दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या अरुंद दगडी पायऱ्या, एका वेळी एकाच माणसाच्या आणि कठडा नसलेल्या. चढताना काही वाटत नाही, उतरताना पाय कापतात. शिडी उतरतो तसे भिंतीकडे तोंड करून उतरायचे. पाऊस पडून गेला असेल तर तरुणांनीही हा नाद सोडावा. शेजारच्या मंडपाच्या खिडकीवर बदामी डोळ्यांचा, दाढीवाला परमपिता कोरला आहे, तो जमिनीवरूनच छान दिसतो. आर्मेनियन कलेत परमेश्वराचे असे थेट रूप क्वचितच भेटते, त्यामुळे वर न जाणाऱ्यांनी काही मोठे गमावले असे समजू नये.

तातेव एका दिवसात होते का?

होते, पण जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर पडतात आणि दिवस गाडीतच जातो. गोरिसला मुक्काम केला तर सकाळी गर्दीआधी मठ मिळतो. हालिदझोरहून मठापर्यंत ५.७ किलोमीटरचा रोपवे २०१० पासून चालतो आणि वोरोतान नदीची घळ खाली उलगडत जाते. वारा सुटला की तो थांबवतात, तेव्हा गाडीने जायची तयारी ठेवा. नवव्या शतकातल्या या मठात ‘गावाझान’ नावाचा आठेक मीटरचा दगडी खांब आहे. पूर्वी तो हलत असे, पण पडत नसे. जमीन हादरली की आधी कळावे म्हणून तो होता असे सांगतात.

आतून चर्च इतकी रिकामी आणि काळोखी का? मूर्ती नाहीत, चित्रे नाहीत.

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि थोडी निराशाही असते त्यात. आर्मेनियन चर्चने मूर्ती आणि चित्रे यांच्याबाबतीत कायम हात राखून ठेवला. वेदीवर बहुधा कुमारी मेरी आणि बाळ येशूचे एकच चित्र असते. सजावट सगळी दगडात. खिडक्या लहान आणि अरुंद, त्यामुळे उजेड बारीक झोतांत येतो आणि दिवसभर भिंतींवरून सरकत राहतो. बाके जुन्या चर्चमध्ये नव्हतीच, लोक उभे राहून प्रार्थना करीत. वेदी उंच ओट्यावर असते आणि तिच्यापुढे पडदा, जो प्रार्थनेत ठरावीक वेळी ओढला जातो.

भित्तिचित्रे पाहायचीच असतील तर गाइडला आख्तालाचे नाव सांगा. जॉर्जियन सीमेजवळच्या या चर्चमध्ये तेराव्या शतकाच्या आरंभीची चित्रे भिंतभर आहेत, त्यातला निळा रंग अजून ताजा वाटतो. हाघपातहून जवळ पडते.

बांधकामाबद्दलही सांगायला हवे. बाहेर दिसणारा गुलाबी-तपकिरी दगड म्हणजे टफ, ज्वालामुखीच्या राखेचा. कापायला मऊ, वजनाला हलका. भिंतीच्या दोन्ही बाजूंना टफचे घडीव चिरे आणि मध्ये चुन्यात कालवलेल्या दगडगोट्यांचा भराव, अशी ही रचना. भूकंपाच्या देशात इतकी चर्च टिकली, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

मंडपात जमिनीवर थडगी आहेत आणि त्यांच्यावर पाय पडतो. चालते का?

चालते. मुख्य चर्चच्या पश्चिमेला जो खांबांचा मोठा मंडप जोडलेला असतो त्याला गावित म्हणतात. सभा तिथे भरत, शिकवणे तिथे चाले, आणि सरदार, मठाधिपती यांना पुरायचेही तिथेच. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय आपल्यावर पडावा अशी त्यांचीच इच्छा असे. पंढरपूरची नामदेव पायरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यामागची भावना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सनाहिनला तर फरशी म्हणजे थडग्यांचीच रांग आहे आणि कितीतरी दगडांवरची अक्षरे पावलांनी झिजून गुळगुळीत झाली आहेत. सवयीने आपण वळसा घालायला जातो. घातला तरी कोणी काही म्हणत नाही.

खाचकार म्हणजे काय?

क्रूस कोरलेली उभी शिळा. नवव्या शतकापासून त्या घडवल्या जात आहेत. कोणाच्या आत्म्याच्या शांतीसाठी, कोणी लढाई जिंकल्यावर, कोणी पूल बांधून झाल्यावर उभारत. ख्रिस्त क्रुसावर क्वचितच असतो. क्रुसाच्या बुंध्याशी पाने फुटलेली असतात आणि त्याखाली बहुधा एक गोल चक्र. नक्षी दरवेळी नवी.

गोशावांकमधला पोघोस नावाच्या कारागिराचा १२९१ चा खाचकार सावकाश पाहा. दगड आहे हे बुद्धीला माहीत असते, डोळा मात्र जाळीदार विणकामच पाहतो. वरच्या नक्षीच्या मागे दुसरा थर कोरला आहे आणि त्याच्या आड सावली साठलेली असते. तिरक्या उन्हात तो सर्वांत छान दिसतो. हाघपातला १२७३ चा खाचकार वेगळा, त्यावर क्रुसावरचा ख्रिस्त आणि भोवती शिष्य आहेत, किड्यापासून काढलेल्या लाल रंगाची छटाही राहिली आहे. सेवानजवळच्या नोरातूस गावच्या दफनभूमीत शेकडो खाचकार एकत्र उभे आहेत. अझरबैजानच्या नाखिचेवान प्रदेशातल्या जुल्फाच्या दफनभूमीत हजारोंनी होते, ते १९९८ ते २००६ या काळात पाडून टाकले गेले. त्यामुळे आर्मेनियन माणूस खाचकारबद्दल बोलताना हळवा होतो, हे लक्षात ठेवा. ही कला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आली.

आम्ही ख्रिस्ती नाही. आत गेलो तर चालेल? चपला काढायच्या का? कपडे कसे असावेत?

खुशाल जा, कोणी धर्म विचारत नाही. बूट-चपला काढायच्या नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बायकांनी डोक्यावरून ओढणी किंवा स्कार्फ घेण्याची रीत आहे. सक्ती नसते, पण घेतल्यास तिथल्या आजीबाई खूश होतात. पुरुषांनी टोपी काढावी. बाहेर पडताना लोक वेदीकडे पाठ न करता मागे मागे चालत जातात, तुम्हीही तसे केलेत तर बरे.

मेणबत्ती कोणीही लावू शकते. दारातच मिळते, किंमत नाममात्र. ती वाळू आणि पाणी भरलेल्या पराती दिसतात तिथेच लावा, भिंतीच्या कोनाड्यात नको, काजळीने कोरीवकाम खराब होते.

कधी मठाच्या आवारात सजवलेले कोकरू किंवा कोंबडा घेऊन आलेले कुटुंब दिसेल. हे ‘मताघ’, नवस फेडण्याचा प्रकार. धर्मगुरू मीठ मंत्रून देतात, प्राणी आवाराबाहेर कापतात आणि मांस शिजवून गरिबांत, शेजाऱ्यांत वाटतात. सोबत लहान मुले असतील तर गाइडला आधी कल्पना द्या.

रविवारी जावे की टाळावे?

एक रविवार तरी जरूर धरा. त्या सकाळच्या मुख्य प्रार्थनेला पतारग म्हणतात. दोनेक तास चालते, ग्राबार या जुन्या आर्मेनियन भाषेत, जवळजवळ सगळी गाऊन. एचमियाझिनला किंवा गेघार्दला ती ऐकली की रिकाम्या भिंतींबद्दलची तक्रार उरत नाही. मागे उभे राहा, मधूनच बाहेर पडले तरी चालते. कम्युनियन (पवित्र भाकरी-वाइनचा प्रसाद) फक्त त्यांच्या चर्चच्या सदस्यांसाठी असते, त्या रांगेत जाऊ नका. आणि त्या वेळेत गाइड आत बोलू शकत नाही, त्यामुळे माहिती आधी अंगणातच ऐकून घ्या.

फोटो काढता येतात का?

बहुतेक ठिकाणी हो, फ्लॅशशिवाय. प्रार्थना चालू असताना नको. मेणबत्ती लावणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका.

शाकाहारी जेवणाचे काय?

उपाशी राहणार नाही. लावाश ही पातळ पोळी, ताज्या पालेभाज्या, चीज, मात्सुन नावाचे दही, भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची सगळीकडे मिळतात. ‘झिंग्यालोव हात्स’ म्हणजे डझनभर पालेभाज्या भरून तव्यावर भाजलेली पोळी, ती आपल्या लोकांना फार आवडते. ‘पास’ म्हणजे उपवासाचे, म्हणजेच मांस, दूध आणि अंडी नसलेले पदार्थ. ईस्टरआधीच्या उपवासकाळात गेलात तर हॉटेलांत त्यांची वेगळी यादी असते. डाळी-कडधान्ये भरलेला कोबीचा तोल्मा त्यातला उत्तम.

एक सावधगिरी. गेघार्दच्या बाहेर दोरीला ओवून टांगलेले सुजुख म्हणजे द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवलेले अक्रोड. दुकानात मात्र याच नावाने मसालेदार मांसाचा सॉसेजही मिळतो. विचारूनच घ्या. गाता ही मोठी, गोल, गोड भाकरी निर्धास्त घ्या, पण त्यात लोणी आणि बहुधा अंडे असते. येरेवानमध्ये भारतीय वैद्यकीय विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे भारतीय खानावळीही आहेत.

कधी जावे?

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये येरेवान ३५ अंशांच्या पुढे जाते आणि धुरकट हवेत अरारात पर्वत दिसत नाही. हिवाळ्यात बर्फातले मठ अप्रतिम दिसतात, पण डोंगरातले काही घाट बंद होतात. जुलैच्या आसपास वारदावार हा सण येतो, ईस्टरनंतर १४ आठवड्यांनी. त्या दिवशी रस्त्यात कोणीही कोणावर बादलीभर पाणी ओततो. फोन आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. २४ एप्रिल हा १९१५ च्या नरसंहाराचा स्मृतिदिन, त्या दिवशी येरेवानमध्ये सगळे लोक त्सित्सेर्नाकाबेर्द स्मारकाकडे जातात. त्या दिवशी सहलीचा बेत नको.

अराराताजवळ जाता येते का? आनी पाहता येईल का?

अरारात (५,१३७ मीटर) आर्मेनियाचे प्रतीक असले तरी तुर्कस्तानात आहे, आणि दोन्ही देशांमधली जमिनीवरची सीमा प्रवाशांसाठी बंद आहे. खोर विरापहून तो सर्वांत जवळून दिसतो, सकाळी लवकर. मध्ययुगीन राजधानी आनी आणि वान तलावातले आख्तामारचे चर्चही तुर्कस्तानात आहे. ते पाहायचे तर वेगळी सहल करावी लागते. गांदझासार आणि दादिवांक हे मठ जुन्या पुस्तकांत दिसतील, पण ते आता अझरबैजानच्या ताब्यात आहेत, सध्या आर्मेनियातून तिथे जाता येत नाही. सीमेजवळच्या गावांचा बेत असेल तर निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहा.

व्हिसा, विमान, खर्च?

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. आखाती देशांत राहणाऱ्यांसाठी नियम वेगळे असू शकतात, अधिकृत संकेतस्थळ पाहूनच तिकीट काढा. मुंबईहून दुबई, शारजा किंवा दोहामार्गे जाणे सोयीचे. दुबईहून येरेवान साधारण तीन तास, म्हणून तिथली मराठी कुटुंबे ईदच्या सुट्टीत मोठ्या संख्येने जातात. चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य आहे. तिकीट गार्नी, झ्वार्तनोत्स अशा ठिकाणी आणि संग्रहालयांना लागते. सुट्टे द्राम (तिथले चलन) जवळ ठेवा, मठाबाहेर कार्ड चालेलच असे नाही.

जाण्याआधी इथे काही पाहता येईल का?

मुंबईच्या फोर्ट भागात जुन्या मेडोज स्ट्रीटवर संत पीटरचे आर्मेनियन चर्च आहे, १७९६ चे. सुरत, आग्रा, कोलकाता, चेन्नई इथेही आर्मेनियन व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझदारार’ १७९४ साली मद्रासमध्ये छापले गेले. येरेवानच्या गाइडला हे सांगून पाहा, गप्पा चांगल्या रंगतात.

सहल निवडताना आयोजकाला काय विचारावे?

प्रत्येक मठात प्रत्यक्ष किती वेळ मिळेल, तासांत सांगा म्हणावे. गाइड वेगळा आहे की चालकच बोलणार? गटात किती माणसे? बारा-पंधराच्या वर गेली तर गेघार्दच्या दालनात मागच्यांना काही ऐकू येत नाही. मध्ये वाइन किंवा ब्रँडीच्या कारखान्यात, दुकानात थांबे किती आहेत आणि ते नको असतील तर तो वेळ मठाला मिळेल का, हे लेखी घ्या. नोरावांकला दुपारी चारनंतर पोहोचता येईल का तेही विचारा. कडेचे लाल सुळके त्या उन्हात पेटल्यासारखे दिसतात आणि तोवर मोठ्या बसगाड्या निघून गेलेल्या असतात.